माहेरची हवा

कारखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणायचे. शर्टांना इस्त्री करणाऱ्या बायकांच्या रांगेत ती कित्येक वर्षं उभी होती, आणि त्या रांगेच्या डोक्यावर फिरणारा पंखा तिनेच मुकादमाशी भांडून लावून घेतला होता. पाय वाफेच्या पेडलवर, डोळे कॉलरवर आणि तोंड कायम चालू. सुट्टीच्या दिवशी ती नदीकाठच्या सपाट रस्त्याने धावायची. तिकडच्या शर्यतींत नंबरही काढायची. पण तिचं माहेर डोंगरावर, इतक्या उंचावर की वर येणाऱ्या गाडीत भल्याभल्या बडबड्यांची बोलती बंद होते.

धाकटी बहीण अजून तिथेच होती, हॉटेलच्या धुलाईत. ओल्या चादरींची टोपली घेऊन गच्चीपर्यंत जिने चढायचे. थंडीत त्या चादरी दोरीवर फळ्यांसारख्या ताठ होतात आणि बोटांची नखं निळी पडतात. हे सगळं करायच्या आधी, पहाटेच, ती पोरगी घाटातून माथ्यापर्यंत धावून यायची. रोज. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी बघतही नव्हतं.

आणि त्याच घाटात दरवर्षी मोठी शर्यत भरायची. खुला गट बाहेरून आलेल्यांचा. ते आधी सुटणार, माथ्यावरच्या कमानीतून आत शिरणार, घड्याळात त्यांची वेळ नोंदली जाणार, आणि त्यातले पहिले काही मोठ्या स्पर्धेसाठी निवडले जाणार. स्थानिक गट अर्ध्या तासाने मागून सुटणार. त्यांच्यासाठी कमानीच्या बाजूला दोरी बांधून केलेली एक गल्ली. तिथे घड्याळ नाही. निवड तर नाहीच. मिळणार काय, तर टॉवेल!

यंदा ठिणगी माहेरी आली होती. शर्यतीच्या आदल्या दिवशी दोघी बहिणी नावं घ्यायच्या टेबलाशी गेल्या, तिथे गळ्यात शिट्टी अडकवलेले साहेब बसले होते. धाकटीने खुल्या गटाचं विचारलं, तर ते कौतुकाने हसले.

"अहो, तुमच्याशी पाहुण्यांनी बरोबरी कशी करायची? इथल्या लोकांची फुप्फुसं जन्मतःच मोठी. अन्याय होईल तो."

"अन्याय? कोणावर?" ठिणगीने विचारलं.

"पाहुण्यांवर."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आणि ही रोज अंधारात उठून घाट चढते, ते काय आईच्या पोटातून शिकून आली?"

"ताई, चल ना," धाकटीने तिची बाही ओढली.

"तू गप गं. साहेब, माझं नाव घाला खुल्या गटात. पत्ता खालचा आहे माझा, जन्म इथला. पहिल्या तिघींत आले, तर हिला घ्यायचं. बोला!"

"या तर आधी," साहेब म्हणाले. ते इतक्या सहज म्हणाले की तिला टेबल उलथवावंसं वाटलं.

घरी येताना धाकटीने तोंड उघडलं. "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? तू जिंकलीस तर तो म्हणणार, बघा फुप्फुसं. हरलीस तर म्हणणार, बघा, यांच्यात दम नाही."

"मग टॉवेल घेऊन घरी बसू?"

आई चुलीपुढून म्हणाली, "कालच आलीयेस. दोन घोट जास्त पाणी पी, आणि उद्या सुरुवातीला हळू जा. इतक्या वर्षांत इथली हवा विसरली असेल तुला."

"आई, माहेर आहे हे माझं. पाहुणी समजू नकोस मला."

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली आणि ठिणगी सुटली ती सगळ्यांच्या पुढे. पहिलं वळण झोकात गेलं. दुसऱ्यावर छाती भात्यासारखी हलायला लागली, पण भात्यात हवाच येईना. ओठ बधिर. कानशिलात कोणी हातोडी मारतंय. तिसऱ्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि कठड्याला धरून तिने सकाळचं सगळं ओकून टाकलं. ज्यांना ती मागे टाकून आली होती ते एकेक करून पुढे गेले. तिला त्यांचा राग आला. पायांचा आला. सगळ्यात जास्त आला त्या हवेचा, जिच्या भरवशावर ती साहेबांना आव्हान देऊन आली होती.

काळा चष्मा घातलेली एक उंच बाई थांबली. "पहिल्यांदाच वर आलात? असं एकदम नाही जमत हो. मी महिनाभर आधी येऊन राहिले, रोज थोडं थोडं चढले, तेव्हा कुठे आता श्वास पुरतोय."

ती पुढे गेली. ठिणगी कठड्याला टेकून हसायलाच लागली, हसता हसता खोकली. महिनाभरात मिळतात ही फुप्फुसं! आणि काही वर्षं इस्त्रीपुढे उभं राहिलं की जातात. त्या साहेबाचं खोटं तिने स्वतःच गिळलं होतं, वर आईला ऐकवलंही होतं. आता थांबून चालणार नव्हतं. हे कमानीपाशी बसलेल्या साहेबाच्या तोंडावर सांगायला माथ्यावर पोचायलाच हवं होतं.

ती चालली. दहा पावलं चाल, कठडा धर, पुन्हा चाल. कमानीतून शिरली तेव्हा तिच्या मागे जेमतेम चार-पाच जण उरले होते.

"साहेब, बघितलीत माझी जन्मतःची फुप्फुसं? हिची नि माझी आई एकच. मी खाली राहिले, माझी गेली. ती रोज चढते, तिची आहेत. आता घ्या तिला."

"तुम्ही आधी तंबूत जाऊन झोपा," साहेब म्हणाले. "पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! खाली शेवटच्या वळणावर धाकटी दिसत होती. स्थानिक गटात सगळ्यांत पुढे, आणि खुल्या गटातल्या रेंगाळलेल्यांना मागे टाकत. ठिणगी तंबूकडे वळली नाही. ती दोरीच्या गल्लीत गेली आणि तिच्या तोंडाशीच आडवी झाली.

"बाई, उठा! गल्ली अडवलीत तुम्ही," साहेब ओरडले.

"उठवत नाही."

"मग ओढून काढावं लागेल."

"हात तर लावून बघा."

धाकटी धापा टाकत आली आणि थबकली. "ताई, हे काय?"

"इथे जागा नाही. तिकडून जा."

"तिकडे घड्याळ आहे."

"म्हणूनच सांगतेय ना, बावळट! पळ!"

धाकटी कमानीतून गेली. तिच्या मागून हॉटेलातली भांडी घासणारी, पोस्टमन, खडी फोडणाऱ्या दोघी बहिणी, सगळे कमानीतूनच गेले. दुसरीकडून जायला वाट होती कुठे?

साहेब लाल झाले. "या वेळा धरल्या जाणार नाहीत. सगळ्या खोडणार आम्ही."

ठिणगी कोपरावर उठली. काळ्या चष्म्यावालीसह सगळे पाहुणे घड्याळाकडे बघत होते.

"खोडा ना. पण आधी मागून सोडलेला तो अर्धा तास वजा करून हिची वेळ सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवा."

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि पाठ फिरवली.

"वाचा!" ठिणगी ओरडली. तिला पुन्हा ओकारी आली. ती ओकली, तोंड पुसलं, आणि पुन्हा ओरडली, "वाचा म्हणते ना!"