मामांचा विनंती अर्ज

मामांचे कान गेलेत हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त कागदावर आलं नव्हतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात दरवर्षी तपासणीला डॉक्टरची गाडी यायची. वजन, डोळे, रक्त, झालं. त्या वर्षी कानाचं यंत्रही आणलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. मामा बटणावर बोट ठेवून बसले ते बसलेच. शेवटी यंत्र चालू आहे का, ते डॉक्टरनं स्वतःच्या कानाला लावून बघितलं. आम्ही बाहेर उभं राहून हसत होतो. हसायला काय जातंय!

मामा नात्यातले नव्हेत. खात्यातल्या थोरल्या माणसाला आम्ही मामाच म्हणतो. ते जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो उघडून, जुळवून पुन्हा चालता करून देणारा माणूस. एकतीस वर्षं तेच काम. शहराच्या पूर्व भागातलं तेलुगू घर, बापसुद्धा विणकर. मी वळसंगचा, शेतातनं उठून आलेलो. मागाची कुठली बाजू पुढची हेसुद्धा मला कळत नव्हतं. जे काय शिकलो ते त्यांच्या हाताखाली, शिव्या खात शिकलो.

तपासणीनंतर आठवड्यानं खात्याच्या साहेबानं मला बोलावलं. "मामांना घडी खात्यात बसवायचंय. टॉवेल मोजायचे, घड्या घालायच्या. तू त्यांच्याकडनं एक अर्ज लिहून घे. तुझं अक्षर चांगलंय." अक्षर चांगलंय म्हटल्यावर मी फुगलो. लगेच कागद घेऊन बसलो.

आता आमच्याकडं अर्ज म्हटलं की विनंती आलीच. शाळेत गुरुजींनी ठोकून शिकवलेलं. विषय, महोदय, वरील विषयास अनुसरून, आणि शेवटी ही नम्र विनंती. स्वतःच्या जमिनीचा उतारा मागायला गेलं तरी आपण हात जोडूनच लिहितो की. तशी सवयच हाताला. मी झोकात लिहिलं, 'मला कानाचा त्रास असल्यामुळे मला हलके काम मिळावे, ही नम्र विनंती.' मामा मराठी फाडफाड बोलायचे, पण वाचताना अडखळायचे. "काय लिवलाय?" त्यांनी विचारलं. "काय न्हाय मामा, तुमाला घडी खात्यात बसवायलेत, त्याचा कागद," मी त्यांच्यासमोर तोंड नेऊन ओरडून सांगितलं. त्यांनी तेलुगूत सही केली. तेव्हा तरी मी खोटं बोललो नव्हतो.

त्यांच्या जागेवर मला जॉबर केलं. सहा महिने तात्पुरतं, काम बघून मग कायम. मी सात रस्त्यावरनं पेढे नेले आणि पहिला मामांच्या हातावर ठेवला. "भ्या नको. माग ऐकंना झाला की शिव्या घालायच्या," ते म्हणाले. दोघंही खूश होतो. त्यांना वाटलं, काम हलकं झालं, पगार तोच राहील. मलाही तसंच वाटलं. जुन्या माणसाला वरच्या कामावरनं खाली आणलं तर त्याचा पगार कापायचा नाही, असं करारात आहे हे सगळ्या कारखान्याला तोंडपाठ होतं.

महिना झाला आणि मामा पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या मागाशी आले. त्यांनी मूळ पगाराच्या आकड्यावर बोट ठेवलं. घडी खात्यात काल लागलेल्या माणसाचा जो पगार, तोच. एकतीस वर्षं धुऊन काढलेली.

मी चिठ्ठी घेऊन युनियनच्या माणसाकडं तणतणत गेलो. त्यानं शांतपणे करार काढून दाखवला. कंपनीनं स्वतःहून खाली आणलं तर जुना पगार राहतो. कामगारानं विनंती केली तर ज्या कामावर गेला त्या कामाचा पगार. "विनंती केली का त्यानं?" त्यानं विचारलं. मला माझीच ओळ आठवली, ही नम्र विनंती.

आणि एवढ्यावर भागत नव्हतं. मामांच्या नोकरीला दीड वर्ष उरलं होतं. ग्रॅच्युइटी मिळते ती शेवटच्या पगारावर. म्हणजे जॉबर म्हणून घासलेली सगळी वर्षं घडी घालणाऱ्याच्या दरानं धरणार. त्या पैशात मामांना दोन खोल्या घ्यायच्या होत्या. भाड्याच्या घराचा मालक जागा सोडा म्हणून दारात येऊन बसायचा. मामी मला ते दरवेळी सांगायची.

युनियनचा माणूस म्हणाला, "एक वाट हाय. अर्ज लिवणाऱ्यानं लिवून द्यायचं, की हे साहेबानं सांगितलं म्हणून लिवलं, माणसानं मागितलं नव्हतं. मग मोठ्या साहेबाला पगार द्यावाच लागतोय. कुणी लिवलाय?"

"मी."

"मग सोप्पं की!"

कसलं सोपं! युनियननं मोठ्या साहेबाकडं तक्रार नेली आणि दुसऱ्याच दिवशी खात्याच्या साहेबानं मला चहाला बोलावलं. त्यानं कधी कुणाला चहा पाजलेला मी बघितला नव्हता. बशीत चहा ओतत तो म्हणाला, "मोठे साहेब विचारतील. नीट विचार करून बोल. तुझं अजून कायम व्हायचंय." बस्स, एवढंच. धमकी नाही, काही नाही. मी तो चहा प्यालो, तेही सांगून टाकतो.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "खरं ते बोला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण पोरीची फी भरायची हाय." मी तिच्यावर खेकसलो. राग तिचा नव्हता.

मोठ्या साहेबाच्या खोलीत मला आणि मामांना एकदमच बोलावलं. मामा इस्त्रीचा सदरा घालून आले होते. साहेब काय विचारणार ते युनियनच्या माणसानं त्यांना आधीच समजावलं होतं. मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत, थोडा त्यांच्याकडं वळून बसलो. फॅन घरघरत होता. साहेबानं फाईलमधनं डोकं वर न काढता हळू आवाजात विचारलं, "हा अर्ज तुम्ही लिहिलाय?"

"व्हय साहेब."

"त्यांनी सांगितलं म्हणून लिहिला?"

मी मामांकडं बघितलं. त्यांना साहेबाचं काही ऐकू गेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. ते माझ्याकडं बघत होते, आता हा सांगेल म्हणून.

"व्हय," मी म्हणालो.

साहेबानं फाईल मिटली. एकतीस वर्षांचा निकाल लावायला त्याला तीन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

बाहेर आल्यावर मी तयारच होतो. "नियम हाय म्हणालेत मामा, जमत न्हाय," असं ओरडून सांगायचं ठरवलं होतं. पण त्यांनी विचारलंच नाही. घडी खात्याकडं चालत गेले. कंपनीच्या बसमध्ये बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागांच्या त्या खडखडाटात आम्ही कुणीच कानानं ऐकत नाही. समोरच्याचे ओठ बघायचे आणि समजून घ्यायचं, वर्षभरात कुणालाही जमतं. मामांनी तर जन्म त्यात काढलेला. साहेबाचं तोंड फाईलमध्ये होतं. माझं त्यांच्याकडं होतं.

पुढचं दीड वर्ष मी त्यांना चुकवत राहिलो. मी कायम झालो. पगार वाढला, पोरीची फी भरली, गाडी घेतली. घडी खात्यावरनं जायला लागू नये म्हणून मी लांबच्या दारानं कँटीनला जायचो. ते दिसलेच तर मान हलवायचे, नेहमीसारखी. शिव्या तेवढ्या बंद झाल्या. एका शिवीसाठी मी तेव्हा काय नसतं दिलं!

ते निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी न राहवून मी त्यांच्याकडं गेलो. दोन खोल्या झाल्या नव्हत्याच. जुनं घरही सोडावं लागलं होतं आणि ते आणखी लांब, पत्र्याच्या खोलीत राहायला गेले होते. मामीनं चटई टाकली आणि आत गेली. ती पूर्वी हातातलं काम टाकून बोलत बसायची. मामा उंबऱ्यापाशी स्टुलावर बसले होते. मी त्यांच्यासमोर बसलो, सावकाश, त्यांना ओठ दिसतील असं म्हणालो, "मामा, माझं चुकलं. मी त्या दिवशी व्हय म्हणालो."

"बघितलं की मी," ते म्हणाले.

"मग तितंच का न्हाय बोललासा? तुमी न्हाय म्हणाला असता तर..."

"माझा कान गेलाय. माझी जीभ कुटं गेली हुती? बोलता येत हुतं की."

मला वाटलं, आता ते म्हणतील की तुझी नोकरी जाईल म्हणून गप बसलो. खरं सांगतो, तेच ऐकायला मी गेलो होतो. ते ऐकलं असतं तर रडलो असतो, त्यांचे पाय धरले असते, आणि हलका होऊन घरी आलो असतो.

मामा म्हणाले, "तुला कामाला घेतानं साहेब तयार न्हवता. खेड्यातलं हाय, टिकायचं न्हाय म्हणला. मी म्हणलो, ह्याची जिम्मेदारी माझी, हे पोरगं खोटं बोलणार न्हाय. मग त्या दिवशी काय उठून सांगू, की खोटं बोलायलाय म्हणून? माझीच लाज गेली असती. म्हणून गप बसलो. तुझ्यासाठी न्हाय."

मी काही बोललो असेन, आता आठवत नाही. मामांनी माझ्या तोंडावरनं नजर काढून रस्त्याकडं लावली. त्यानंतर मी काय म्हणतोय ते त्यांना कळायचा प्रश्नच नव्हता.