वैशूच्या कॉलेजसाठी मुकुटबन ते ढाणकी

पुण्यातल्या एका कॉलेजची फी फोनवर ऐकली आणि "बरं बरं" म्हणत मी फोन ठेवला. आमच्या वैशूला बारावीनंतर क्रीडा व्यवस्थापनाची डिग्री करायची होती. आवाक्यातलं कॉलेज मिळालं तर ठीक, नाहीतर गावाजवळ बी.कॉम., असं घरात ठरलं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग पेरणी उरकताच बापलेक पिशवी घेऊन निघालो.

मुकुटबनहून पांढरकवड्याची एसटी धरली. बायांना अर्धं तिकीट असल्यामुळे तिचं माझ्यापेक्षा स्वस्त पडलं, हे तिने मला दोनदा ऐकवलं. कंडक्टरने विचारलं, "काय शिकणार बेटा?" तिने सांगितलं. "म्हणजे पी.टी. मास्तरीण!"

"नाही काका. मास्तर खेळ शिकवतात, आम्ही सामने पार पाडतो."

कंडक्टरला ते काही पटलं नाही.

पांढरकवड्याच्या स्टँडवर तर्रीतला आलुबोंडा खाल्ला. कॉलेजात असताना कबड्डीच्या टीमसोबत मी इथूनच सामन्यांना जायचो. बस चुकली की रिकाम्या ट्रकमध्ये मागे बसून गाणी म्हणत. हायवे आता ओळखू येत नाही. आलुबोंड्याचा तिखटपणा मात्र तोच आहे, आणि मला उगाच भरून आलं. वैशू म्हणाली, "बाबा, तर्री लागली का?" मी हो म्हणालो.

यवतमाळला पहिल्या कॉलेजात ही डिग्रीच नव्हती. दुसऱ्यात होती, गुळगुळीत माहितीपत्रकासकट. मैदान कुठे विचारलं तर उत्तर आलं, लागेल तेव्हा भाड्याने घेतो. फी पुण्यापेक्षा कमी, तरी आमच्या तुरी-कपाशीला न झेपणारी. बाहेर एका विद्यार्थिनीने उमरखेडचं एक कॉलेज सांगितलं. रात्री स्टँडजवळच्या लॉजवर (सहाशे रुपये, पाणी गरम) वैशूने अर्धी पोळी तशीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी आर्णी, महागाव करत उमरखेड. कॉलेज लहान, पण समोर चुन्याच्या रेषा आखलेलं खरं मैदान! प्रवेश बघणाऱ्या सरांनी विचारलं, "कोणता खेळ खेळतेस?"

"मी खेळत नाही सर. आमच्या गावच्या कबड्डीत कोणती टीम कोणाघरी जेवणार, ते मी ठरवते. उद्या एकमेकांशी भिडणाऱ्या टीमा एका गल्लीत ठेवत नाही."

सर हसले आणि त्यांनी खुर्ची पुढे केली. तुम्हीही मुलांसाठी असं कॉलेज बघायला जाणार असाल तर दाखल्यांच्या मूळ प्रती न्या, डिग्री विद्यापीठाची आहे का ते विचारा, परीक्षा फी वेगळी लागते का तेही विचारा. शिष्यवृत्ती धरून फी आमच्या आवाक्यात बसली. पण मुलींचं होस्टेल नव्हतं. अनोळखी गावात भाड्याच्या खोलीत तिला एकटीला ठेवायला ना माझी तयारी होती, ना तिच्या आईची. हातातोंडाशी आलेला घास जातो की काय, असं झालं.

ढाणकी तिथून जवळ. मी लग्नाआधी तिथे स्पर्धा खेळलो होतो. आता आलोच आहोत तर मैदान तरी दाखवू, म्हणून जीपमध्ये बसलो. त्या काळी पाहुण्या टीमचे खेळाडू घराघरांत वाटून द्यायचे. मी कमलकाकूंच्या वाट्याला आलो होतो. फायनलला माझीच पकड झाली आणि आम्ही हरलो. लाजेने मी जेवायला बसेना. काकूंनी बेसनाच्या पाटोडीच्या रश्श्याची वाटी समोर आदळली. "खेळात हरला नं? मंग ताटावर कायले हरून राह्यला?"

मैदानावर आता दुकानांची रांग आहे. त्यातल्या एका किराण्यात काकू स्वतः बसलेल्या. केस पांढरे, आवाज तोच. मी नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला.

"अरे, तू तं आमच्या वाट्याचा पोट्टा! मुकुटबनचा! आन् हे?"

"माझी मुलगी."

चहा होईस्तोवर वैशूनेच होस्टेलची अडचण सांगून टाकली. काकू म्हणाल्या, "मंग अडलं कुठं? बापाले ठेवलं, तं पोरीले कायले नाही? सुनेच्या बाजूची खोली रिकामी पडून राह्यली. उमरखेडले दिवसभर गाड्या हायेत."

मी महिन्याच्या पैशाचं काढलं तर त्या अशा भडकल्या की मी चहात तोंड घातलं. शेवटी वैशूने तोड काढली, "काकू, वर्षाची तूरडाळ आमच्या शेतातली." त्यावर सौदा मिटला. ही पोरगी सामने पार पाडेल याची मला तिथेच खात्री पटली.

तिला सोडून आल्यावर घर फार मोठं वाटायला लागलं. बायको सवयीने तिचंही ताट वाढायची, मग गुपचूप उचलायची. फोनवर वैशू सांगायची की काकू जबरदस्तीने वाढतात. ऐकून बरं वाटायचं.

हिवाळ्यात आमच्या गावची कबड्डी आली. वैशू नसल्याने मंडळाची पोरं घरोघर विचारत फिरत होती. मी दारातूनच म्हणालो, "आमच्या वाट्याला दोन खेळाडू लिहा."

आतून बायकोचा आवाज आला, "अवो, दोन कायले? चार सांगा. आन् जे हरतीन, ते पयले इकडे पाठवा."