कॅप्शनखाली कोण बोलतं

नात्यातल्या लग्नांत मला हमखास विचारतात, "पोरी, तू सुरतेत नेमकं करतेस काय?" मी सांगते, "रीलखाली कॅप्शन लिहिते." समोरचा ताटात बघायला लागतो. मग ओशाळं वाटू नये म्हणून मी ऑफिसचा एखादा किस्सा सांगते. तो आधी खळखळून हसतो, मग मध्येच थांबतो आणि हळूच विचारतो, "खरं सांगतेस?" असे किस्से आता इतके साठलेत, की पंगत उठते पण माझं संपत नाही!

पर्वत पाटिया भागात एका कापड मार्केटच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. मालक हितेशभाई, कॅमेरावाला यवतमाळचा प्रशांत, साड्या नेसून रीलमध्ये मिरवणारी रिंकल आणि मी वैशाली, एवढाच बारदाना. कॅप्शनची विद्या मला हितेशभाईंनी दिली. "पहिल्या ओळीत अंगठा थांबला पाहिजे! प्रश्न विचार. कुणाचं तरी नाव घे. आणि जे दिसतंय ते लिहू नको, जे दिसत नाही ते लिही."

शेवटचं वाक्य त्यांनी आता मागे घेतलंय.

*

सुरुवात नाश्त्यापासून करते. कतारगामला लोचोचं, म्हणजे वाफवलेल्या डाळीच्या सुरती नाश्त्याचं, एक दुकान आमचं गिऱ्हाईक. रोज सकाळी पातेल्यातून वाफ निघाली की प्रशांत रील काढणार, मी "आजचा लोचो तय्यार! कोण कोण येतंय?" असं काहीतरी लिहिणार.

रोज पहिली कमेंट एकाच माणसाची. "मीठुं ओछुं छे."

आचारी भडकला. "व्हिडिओ बघून मीठ कळतं होय याला?" रागारागात त्याने चमचाभर तोंडात टाकला. मीठ खरंच कमी होतं! दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पुढे तर आचारी त्या कमेंटची वाट बघूनच पहिली प्लेट भरायचा.

एक दिवस कमेंट आली, "आजे नहीं."

आचाऱ्याने काही विचारलं नाही. अख्खं पातेलं दुकानामागे नेऊन उलटं केलं. तळाशी पाल होती.

*

रिंकलची एक रील होती. तापीकाठी वारा, हिरवी साडी, ती एकटीच चालतेय. मी लिहिलं, "कधीतरी एकटीनेही फिरावं!"

कमेंटमध्ये एका बाईने विचारलं, "एकटी कुठे? दोघी तर आहेत." मग आणखी एकाने. मग तिसऱ्याने. एकमेकांना न ओळखणारी माणसं! आम्ही चौघांनी फ्रेम थांबवून थांबवून बघितली. रिंकलशिवाय चिटपाखरू नाही.

रिंकल घाबरेल असं वाटलं, पण ती पडली मॉडेल! म्हणाली, "पूछ ने, एणे कयी साडी पहेरी छे?"

मी विचारलं, दुसरीने कुठली साडी नेसलीय? बाईचं उत्तर लगेच आलं. "हिचीच. दुसरं टोक तिच्याच अंगावर आहे ना!"

ती साडी रिंकलने त्याच दिवशी परत केली. ड्रायक्लीनसुद्धा न करता.

*

यंत्रमागाच्या कारखान्यात शूटिंग करायचं म्हणजे प्रशांतच्या कपाळाला आठ्या. खडखडाट एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्या दिवशी गोडादऱ्यातल्या एका कारखान्यात नुसते माग शूट केले. कुणी बोललं नव्हतंच. पण अॅपमध्ये आवाजाचे शब्द आपोआप उमटण्याची सोय चालू राहिली होती. खडखडाटावर शब्द उमटले, "धीरे चलाओ. हाथ अंदर है."

"मशीनले काय समजते बाप्पा!" म्हणत प्रशांतने शब्द पुसून पुन्हा लावले. पुन्हा तेच. फोन बदलला. पुन्हा तेच.

गंमत म्हणून कारखान्याच्या शेठना दाखवलं. शेठ हसले नाहीत. उठले, कोपऱ्यातल्या एका मागापाशी गेले आणि बटण बंद केलं. मग चपला काढून तिथेच उभे राहिले.

आम्ही ट्रायपॉड आवरला आणि निघालो.

*

नाव घालायची युक्ती फार चालते. मी एकदा लिहिलं, "शीतल, ही साडी नवऱ्याला दाखवू नकोस!" झालं! गावोगावच्या शीतल गोळा झाल्या. मैत्रिणी टॅग करतायत, नवरे हात जोडतायत. हितेशभाई खुशीत. सगळ्यांना जिलेबी!

त्या गर्दीत एकाने लिहिलं होतं, "दाखव ना शीतल. निदान कुठे आहेस ते तरी कळव."

नंतर आमच्या प्रत्येक रीलखाली तो यायला लागला. चादरीची रील असो की कुर्त्याची, "शीतल, दिसली तर बोल." मला ते वाचवेना. शेवटी एकदा त्याच्या कमेंटला उत्तर आलं. बिनफोटोचं अकाउंट. "घरीच आहे. तुम्ही विहिरीत बघत नाही."

त्या माणसाने पुन्हा कधीच कमेंट केली नाही.

*

आता हा शेवटचा. हा मी लग्नात सांगत नाही.

एका दुपारी ज्योती नावाच्या मुलीचा मेसेज आला. "ताई, लहानपणी तापात माझे कान गेले. तुम्ही रीलवर बोललेलं लिहिता, म्हणून मी तुमच्याच रील बघते. पण तुम्ही फक्त मॉडेलचं बोलणं लिहिता. मागचे बाबा एवढं बोलतायत, ते का नाही लिहीत?"

मी रील उघडली. आमच्याच खालच्या साडीच्या दुकानातली, आदल्या आठवड्यात शूट केलेली. पुढे रिंकल पदर दाखवतेय. मागे गठ्ठ्यांच्या आडोशाला दुकानमालकाचे म्हातारे काका बसलेत. काकांना लकव्याने वाचा गेलेली, हे अख्ख्या मार्केटला माहीत. कधी 'हूं' नाही की 'चूं' नाही.

पण व्हिडिओत त्यांचे ओठ हलत होते. आणि ते थेट कॅमेऱ्याकडे बघत होते.

मी लिहिलं, "सुपारी चघळत असतील गं."

"नाही ताई, मी ओठ वाचते. ते आमच्या अमळनेरकडचं बोलतायत."

मला हसू आलं. काका पक्के गुजराती. त्यांना अहिराणी कुठून येणार? अहिराणी तर माझ्या घरात बोलतात! मी विचारलं, "काय म्हणतायत?"

ज्योती टाइप करत राहिली. मग ओळ आली.

"पोर, घर जाय. माय पडनी."

मी आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. प्रशांतने माझा चेहरा बघितला, स्क्रीन वाचली आणि बाइकची चावी उचलली. "चाल! इचार मंग करजो!"

गोडादऱ्यातल्या आमच्या घरापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही. घराचं दार सताड उघडं होतं. आई मोरीत पडली होती, डोक्याखाली रक्त. शेजारच्या काकूंनी टॉवेल बांधला, प्रशांतने रिक्षा आणली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं."

आई वाचली.

दुसऱ्या दिवशी मी खालच्या दुकानात गेले. काका नेहमीच्या जागी बसलेले, नजर गठ्ठ्यांवर. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मालक म्हणाले, "बेन, काका तो वर्षोथी बोल्या नथी. कालही दुकान बंद होईपर्यंत इथेच होते."

आई घरी आली. मी तिला यातलं अक्षरही सांगितलं नव्हतं. उगाच घाबरायची. एक दिवस ती उशीला टेकून बसली होती. मी म्हटलं, "आई, आमच्या रिंकलची साडी बघ." आणि ती रील लावली.

आईने चष्मा लावला. फोन जवळ धरला. रिंकलकडे तिने बघितलंच नाही. मागे बसलेल्या काकांवर बोट टेकवलं.

"हाऊच तो! मन्हं डोकं फुटनं तवय हाऊ आपला दारमा बठेल व्हता. मीच त्याले सांगं, मन्ही पोरले बलाई आन."

आईने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"चहा दिधा का त्याले?"