नावेची डोण

नाव नाक्यावर येऊन तीन दिवस झाले होते आणि तिच्यावर कर कोणता लावायचा, हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

वाशीमहून हिंगोलीला येणाऱ्या रस्त्यावर आमचा करोडगिरीचा नाका. करोडगिरी म्हणजे निजाम सरकारचं जकात खातं. पलीकडे वऱ्हाडात अंमल इंग्रजांचा. त्यामुळे तिकडून आलेली सुईसुद्धा आमच्या लेखी परदेशी माल. मी तिथे मुन्शी, म्हणजे लिहिणारा कारकून. कापूस, कापड, भांडी, सगळ्याचे दर मला तोंडपाठ होते. पण कोरड्या रस्त्याने बैलगाडीवर नाव घेऊन कुणी येईल, हे दराची यादी करणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं.

नाव होती किसन भोयाची. पूर्णेकाठचा माणूस. वऱ्हाडातल्या साडूकडून त्याने ती विकत घेतली होती.

"लकडी लिखो," आमचे अमीनसाहेब म्हणाले. ते नाक्याचे मुख्य.

"लाकूड लिहिलं तर जंगलखात्याचा परवाना मागतील, साहेब."

"तो फिर गाडी लिखो."

"चाकं नाहीत."

शेवटी वरच्या कचेरीला विचारायचं ठरलं. उत्तर येईपर्यंत माल नाक्यावर. किसनने गाडीवान परत पाठवला आणि बायकोसह बाभळीखाली मुक्काम ठोकला.

"साहेब, लाकूड सुकून राहिलं," तो रोज येऊन सांगायचा. "सांधे उघडले तर काय कामाची? अन् नदीला पाणी यायच्या आत तहसिलीत नाव अन् तिचा कागद दाखवायचा हाय. न्हाई तर घाट दुसऱ्याला जातो."

घाट म्हणजे माणसं पार करायचा हक्क. बापाच्या वेळेपासून तो किसनच्या घरात होता. जुनी नाव कुजली म्हणून ही नवी.

आठवड्याने उत्तर आलं. आमचं दफ्तर उर्दूत. मी अर्जाला साडूच्या गावच्या मास्तरांनी लिहिलेली मराठी पावती जोडली होती: 'नाव एक, सागवानी, लांबी दहा हात.' वरच्या कचेरीत तर्जुमा, म्हणजे भाषांतर, करणाऱ्याने 'नाव'चं सरळ 'नाम' करून टाकलं. त्यावर तिथल्या साहेबांचा शेरा होता: 'सागवानी नामका शख्स कौन? वल्दियत लिखो.' वल्दियत म्हणजे बापाचं नाव. या माणसाला दहा हात कसे, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

अमीनसाहेब हसले नाहीत. मीही नाही. हसायलासुद्धा अंगात त्राण लागतं. खुलासा पाठवायचा म्हणजे आणखी एक आठवडा, आणि तोही नशिबाने.

मी बाहेर आलो. किसनची बायको ठकूबाई विहिरीवरून घागरी आणून नावेत ओतत होती. सांधे ओले राहावेत म्हणून तिचं दिवसभर हेच चालायचं. नाक्यावर थांबलेल्या गाड्यांचे दोन बैल नावेत तोंड घालून पाणी पीत होते.

मी तसाच आत गेलो आणि यादी उघडली. शेतीच्या सामानात होतं: 'जनावरांना पाणी पाजण्याची डोण, लाकडी.'

"साहेब, ही डोणच आहे. बैल पिऊन राहिलेत, बघा."

अमीनसाहेबांनी खिडकीतून पाहिलं. "बराबर," म्हणाले. मी डोणीचा कर घेतला, पावती फाडली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, नाव गेली. जाताना ठकूबाई माझ्या पाया पडली. मी स्वतःवरच खूश होतो.

पंधरा दिवसांनी किसन पायी परत आला. ओसरीवर बसला, पाणी प्यायला, मग कागद काढला.

"साहेब, तहसिलीत म्हणले, ह्यात तर जनावराची डोण हाय. नावेचा कागद कुठं हाय?"

"नाव दाखवली नाहीस?"

"दाखवली की. नदीत उभी हाय. पन ते कागद पाहून राहिले, नदीकडं काहून पाहतील? साहेब, तेवढी डोणीची परत नाव करून द्या."

मी नोंदवही उघडली. नोंद माझ्याच अक्षरात होती. ती खोडायची तर खोटं लिहिलं हे कबूल करणं आलं. मग त्याची नाव जप्त झाली असती आणि माझी नोकरीही गेली असती. मी त्याला तसं सांगितलं. सांगताना लाज वाटली, आजही वाटते.

"मंग न्हाईच म्हणा," एवढं बोलून तो उठला.

घाट दुसऱ्याला गेला. त्या माणसाकडे आपल्या जुन्या नावेचा कागद होता, पण धड नाव नव्हती. म्हणून त्याने किसनची नाव घेतली आणि तिच्यावर किसनलाच मजुरीने ठेवलं. बापाच्या घाटावर, आपल्याच नावेत, तो दुसऱ्याचा गडी झाला.

पुढे मी बरीच वर्षं नोकरी केली. अडलेला माल सोडवायच्या युक्त्या मला नंतरही सुचत गेल्या. पण पावती फाडण्याआधी मी समोरच्याला एक विचारायला शिकलो: हा कागद पुढे कुणाला दाखवायचा आहे?