बंद ट्रान्समीटर आणि सुनंदाताईंचा आवाज

ज्या इमारतीत वर्षानुवर्षं काही ना काही वाजत असतं, ती एकदम गप्प झाली की माणसं बोलायला लागतात. आमच्या टीव्ही केंद्राचं तसंच झालं. नागपूरच्या टेकडीवरचा आमचा जुना ट्रान्समीटर सरकारी धोरणाप्रमाणे बंद झाला, लोकांच्या छतांवरच्या अँटेना भंगारात गेल्या, आणि आम्ही उरलेले दोन-चार जण चहाला बसलो की किस्से सुरू! आधी हसण्यावारी जायचं. आता कोणी किस्सा काढला की आमचा टेक्निशियन बोकडे आपली खुर्ची भिंतीला टेकवून घेतो.

"पाठीमांगं जागा नाई ठेवाव मॅडम," असं त्याचं म्हणणं. मी या केंद्रावर इंजिनिअर आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं मला शोभत नाही. पण हल्ली मीही भिंतीकडेच बसते.

*

सुरुवात त्या दिल्लीच्या व्हिडिओ मीटिंगपासून.

एक मोठे साहेब स्लाइड दाखवून आम्हाला धोरण समजावत होते. मोबाइल ब्रॉडबँड वाढवायचं तर हवेत जागा पाहिजे. टीव्ही ज्या लहरींवरून जात होता, त्यातल्या काही आता मोबाइलला द्यायच्या. पुढे फोन, टीव्ही, रेडिओ सगळं हातातल्या एकाच यंत्रात येणार. "टेलिकॉम वेगळं आणि ब्रॉडकास्टिंग वेगळं, ते दिवस गेले. याला म्हणतात कन्व्हर्जन्स!"

बोकडेने हात वर केला. "साहेब, सगळं एक झाल्यावर आमी कोन्या खात्यात?"

साहेबांनी तोंड उघडलं आणि नेट गेलं! स्क्रीनवर ते उघडं तोंड तसंच राहिलं. आमचे केंद्रप्रमुख घाटोळे सर वैतागले, कॉल कापला, लॅपटॉप मिटला. आम्ही उठलो. तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्पीकरमधून आवाज आला, "नेक्स्ट स्लाइड प्लीज."

थोड्या वेळाने पुन्हा, "नेक्स्ट स्लाइड प्लीज."

"अरे बोकडे, तो स्पीकर काढ ना!" सर ओरडले.

बोकडे स्पीकरजवळच उभा होता. तो म्हणाला, "सर, वायर तं माह्या हातात हाये."

*

मग सुनंदाताईंचं प्रकरण आलं. खरं तर आमचं सगळ्यांचं लक्ष त्यातच होतं.

सुनंदाताई निमजे आमच्या जुन्या निवेदिका. घर विणकरांचं, त्यामुळे साडी नेहमी हातमागाची, उमरेडच्या काठाची. कॅमेऱ्यासमोर अशी शुद्ध मराठी बोलायच्या की शाळेतल्या बाई वाटाव्यात, आणि प्रसारणाचा लाल दिवा विझला की लगेच मला, "काय वं मंजू, चहा सांगितला का नाई?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या वर्षी घशाला त्रास सुरू झाला. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल.

त्यांची मुलगी रसिका फोन घेऊन मागे लागली, "आई, ऑपरेशनच्या आधी काहीतरी बोलून ठेव." ताईंनी फोन बाजूला केला. तोवर आवाज पार घोगरा झाला होता. "हा माहा आवाज नोय वं. माहा आवाज केंद्रावर हाये. तिथला आण."

रसिका आमच्याकडे आली. घाटोळे सर छातीठोकपणे म्हणाले, "असेलच की! कितीही घेऊन जा."

ती म्हणाली, "काका, मला फार नको. पण घरात आम्ही दोघीच. उद्यापासून मला हाक मारणारं कोणी नसणार. जुना आवाज असला की निदान वाटेल, आई बोलते आहे." माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

पण शोधायला घेतलं आणि आमचं आम्हाला कळलं. ताईंची सगळी निवेदनं लाइव्ह! स्टुडिओवाल्यांना वाटायचं ट्रान्समीटरवाले रेकॉर्ड करत असतील, ट्रान्समीटरवाल्यांना वाटायचं स्टुडिओत होत असेल. प्रसारणातल्या माणसांची ही जुनी खोड. आपण पाठवतोय म्हणजे कुणीतरी साठवत असेलच, अशी प्रत्येकाची खात्री!

*

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी केंद्रावरचा फोन वाजला. पारशिवनीकडच्या कुठल्याशा खेड्यातून एक म्हातारे बोलत होते. बोकडेने फोन घेतला आणि स्पीकरवर टाकला.

"अरे बापू, आज कार्यक्रम मधातच काहून बंद केला?"

"काकाजी, आपला ट्रान्समीटर कवाचाच बंद झाला. आता डिश लावा, नाईतर मोबाइलवर पाहा."

"काहून खोटं बोलतं गा? आत्ता तं सुनंदाबाई दिसल्या. निळी साडी होती. तोंड हालवून राहिल्या होत्या, पण आवाजच नोहता. आवाज काहून नाई देत तुमी?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ताई त्या वेळी ऑपरेशनच्या टेबलावर बेशुद्ध होत्या. बोकडे मोठ्या माणसासारखा समजुतीने म्हणाला, "काकाजी, टीव्हीत काही बिघाड असंल. एक डाव बंद करा अन् चालू करा."

"बंद काय करू? सकाळपासून गावात लाईन नाई!"

*

ऑपरेशन नीट झालं. जीव वाचला, डॉक्टरांचं बोलणं अक्षरशः खरं ठरलं. रसिका अधूनमधून फोन करायची, "काका, सापडलं का काही?" घाटोळे सरांना ते फार लागलं. ते रोज दुपारी टेपच्या खोलीत जाऊन हेडफोन लावून बसायचे.

टेप होत्या कार्यक्रमांच्या. लोकगीतं, शेतीच्या चर्चा, मुलाखती. दोन कार्यक्रमांच्या मधे निवेदनासाठी कोरी जागा सोडलेली. प्रसारणाच्या वेळी तिथे ताई लाइव्ह बोलायच्या. म्हणजे सगळ्या जगाचा आवाज आमच्याकडे होता, फक्त जिथे ताई, तिथे काही नाही!

एकदा मी डोकावले तर सर डोळे मिटून ऐकत होते.

"सर, कोणता कार्यक्रम?"

"कार्यक्रम नाही. कोरी जागा."

"मग ऐकताय काय?"

सरांनी एक कान मोकळा केला. "आज ती खोकली, मंजुषा. काल नव्हती खोकली."

मी तिथून सटकले. सर दुसऱ्या दिवसापासून टेपच्या खोलीत गेले नाहीत आणि मीही कारण विचारलं नाही.

*

त्यानंतर एका मोबाइल कंपनीचा इंजिनिअर आला. आम्ही सोडलेला लहरींचा पट्टा खरंच रिकामा झाला का, हे मोजायचं त्याचं काम. पुण्याकडचा, हुशार, बुटांना पॉलिश. मीटर लावला आणि कपाळाला आठ्या.

"मॅडम, तुमचा ट्रान्समीटर चालू आहे."

"नाही हो."

"सिग्नल येतोय. याच इमारतीतून!"

आम्ही त्याला ट्रान्समीटरच्या हॉलमध्ये नेलं. मशीन कधीचंच सुटं करून नेलेलं. राहिले होते जमिनीतले बोल्ट आणि पारव्यांची घाण. त्याने मीटर मशीनच्या जागेकडे धरला, काटा वर. मागे सरकला, काटा खाली. मग त्याने मीटर बंद केला आणि अगदी हळू विचारलं, "तुमच्या धोरणात याला काय म्हणतात?"

बोकडे म्हणाला, "कन्व्हर्जन्स!"

पाहुणा चहा न घेताच गेला.

*

आणि आता तो ट्रायलचा दिवस.

नव्या योजनेत टॉवरवरून थेट मोबाइलवर टीव्ही पाठवायचा होता. मधे इंटरनेट नाही, फोनला सिमकार्डसुद्धा नको. आमच्या टॉवरवर छोटा नवा ट्रान्समीटर बसवला. पहिल्या दिवशी कार्यक्रम नव्हताच, नुसते रंगीत पट्टे आणि त्यांच्यासोबतची एकसुरी शिट्टी. टेबलावर ट्रायलचा एक फोन ठेवला, त्यावर पट्टे दिसले, शिट्टी वाजली, आम्ही टाळ्या वाजवल्या. भर दुपारची वेळ, सगळ्या खिडक्या उघड्या.

नारळ फोडायला घाटोळे सरांनी मुद्दाम सुनंदाताईंना बोलावलं होतं. रसिका त्यांना घेऊन आली. गळ्याभोवती सुती रुमाल, साडी तीच काठाची. ताईंनी नारळ फोडला, माझ्या गालावरून हात फिरवला, बोकडेच्या पाठीत धपका घातला. बोलता येत नव्हतं तरी ताई आल्यासारख्या वाटल्या. सर मात्र त्यांच्या नजरेला नजर देत नव्हते.

शेवटी ते रसिकाला म्हणाले, "बेटा, आम्ही सगळं पाहिलं. तुझ्या आईचा आवाज कुठेच नाही. आता शोधण्यासारखं काही उरलं नाही."

रसिकाने नुसती मान हलवली. ताईंनी लेकीचा हात धरला आणि खुणेने म्हणाल्या, चल. दोघी दारापर्यंत गेल्या.

तेव्हा टेबलावरच्या फोनची शिट्टी थांबली.

"रसू."

आवाज स्वच्छ होता. घोगरा नाही, आजारी नाही. आम्ही सगळ्यांनी ओळखला. मी आधी ताईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ मिटलेले होते आणि चेहरा पांढरा पडला होता. सर धावत जाऊन ट्रान्समीटरचा मॉनिटर बघून आले. आम्ही पाठवत होतो ते नुसते पट्टे आणि शिट्टी.

"सर," बोकडे पुटपुटला, "ताईनं एअरवर कधी पोरीचं नाव नाई घेतलं."

"रसू, इकडे ये वं," फोन म्हणाला. "किती येळची बलावून राहिली मी तुले."

ताईंनी लेकीचा हात घट्ट आवळला. मानेनेच जोरजोरात नाही, नाही म्हणत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, गळ्यावरच्या रुमालाआडून नुसती हवा येत होती.

"आले, आई," रसिका म्हणाली. तिने ताईंच्या मुठीतून आपला हात सोडवला आणि ती टेबलाकडे चालू लागली.