आमच्या विहिरीचे किलोटन

समस्त जनतेस, विशेषतः अण्वस्त्रे बाळगून असलेल्या राष्ट्रांस, गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की गेल्या उन्हाळ्यात भूम तालुक्यातल्या एका बांधावर स्फोटशक्तीच्या मोजमापाविषयी बोलणी झाली. एका बाजूला माझे चुलते, म्हणजे तात्या. दुसऱ्या बाजूला मी. निष्कर्ष काय निघाला, हे मला अजून नीट कळलेले नाही.

प्रकरण साधे होते. थोरल्या भावाच्या नव्या विहिरीला काळा खडक लागला. सुरुंगवाल्याने भोके मारून ठेवली. पण हाकेच्या अंतरावर तात्यांचे घर. नवेकोरे, स्लॅबचे. भिंतीला तडा गेला तर? तात्या खुर्ची घेऊन थेट विहिरीच्या काठावर बसले. ते उठल्याशिवाय बार उडणार नव्हता आणि बार उडाल्याशिवाय पाणी लागणार नव्हते.

तात्या दिवसभर टीव्हीवर युद्धाच्या बातम्या बघतात. त्यांनी एकच प्रश्न लावून धरला, "ह्यो बार किती किलोटनचा?" सुरुंगवाल्याने भावाकडे बोट दाखवले, भावाने सुरुंगवाल्याकडे. शेवटी घरातला एकुलता एक सायन्सवाला म्हणून मला धाराशिवहून बोलावणे आले. एसटीतून उतरलो तो थेट वाटाघाटीत.

घसा साफ करून मी म्हणालो, "तात्या, टीएनटी नावाचं एक स्फोटक असतं. ते हजार टन एकदम उडालं तर जेवढा दणका बसेल, तेवढा एक किलोटन."

"हजार टन? ऊस धरला तर ट्रकांची रांग लागंल, लेका. आन टीव्हीवाला म्हणतोय, बाँब पंधरा किलोटनचा. इमान उचलंल का?"

"बाँबचं वजन तेवढं नसतं. तो असेल चार-पाच टनांचा."

"म्हंजी चार टनांचा माल पंधरा हजार टन दावला?" तात्यांचे डोळे चमकले. "आरं, असला काटा आपल्या कारखान्याला बसवा की!"

"ते वजन नाही, जोर आहे. बाँबमध्ये टीएनटीच पाहिजे असंही नाही. नुसती तुलना."

"मग त्याचं नाव कशाला घ्यायचं?"

इथे मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झालो. "तुमची जुनी विहीर कितीची, तात्या?"

"दोन मोटंची."

"मोट कुठाय?"

"मोट आता कुठली? पंप हाय."

"तरी दोन मोटंची म्हणताच ना?"

तात्या विचारात पडले. मला वाटले, जिंकलो. तेवढ्यात ते म्हणाले, "पर मोट घरोघरी ल्हान-मोठी असायची. ही टीएनटी कुणाच्या घरची?"

मी मोबाइल काढला. "सगळ्यांनी मिळून ठरवलंय. एक टन म्हणजे शंभर कोटी कॅलरी."

इथेच चुकलो. चहा घेऊन आलेल्या काकू थबकल्या. त्यांना साखरेचा आजार. "म्हंजी भाकरीतली कॅलरी?"

"तीच, काकू. फक्त डॉक्टरांची एक कॅलरी म्हणजे ह्यातल्या हजार."

"डॉक्टरकडचं समदंच महाग."

आता गोंधळायची पाळी माझी होती. सुरुंगवाल्याकडे माल पाच किलो. त्याच्या कॅलरी भाकरींत मोजल्या, पुन्हा पुन्हा हिशेब केला, उत्तर तेच.

"साधारण चाळीस भाकरी," मी पुटपुटलो.

सुरुंगवाला फिसकन हसला. तात्या माझ्याकडे पाहतच राहिले. "पंगतीला पोत्यानं भाकरी आस्त्यात. मांडव उडाल्याचं म्या तरी ऐकलं न्हाय."

"भाकरी अंगात हळूहळू जळते, तात्या. ही एका क्षणात."

ते त्यांना किती पटले, देव जाणे. मलाही बोलता बोलता पटेनासे झाले होते. पण चाळीस भाकरींना भिऊन बसणे त्यांना चारचौघांत शोभेना. खुर्ची काखेत मारून ते उठले.

सगळे लांब पांगले. बार उडाला. पायाखालची जमीन थरथरली, लिंबावरचे कावळे ओरडत उठले, घरातली भांडी खणखणली. तात्या घराकडे धावले, आम्ही त्यांच्यामागे. त्यांनी आतून-बाहेरून एकेका भिंतीवरून हात फिरवला. तडा नाही. थोड्या वेळाने विहिरीच्या काठावरून भाऊ ओरडला, "ओल दिसतीया!"

तात्या ओट्यावर टेकले आणि घाम पुसू लागले. काकू मात्र त्यांच्याकडे एकटक, अगदी नव्या नजरेने बघत होत्या.

"चाळीस भाकरीत एवढा दणका? आन ह्येंना म्या जन्मभर दोन्ही टायमाला घालतीया, ह्ये अजून कसं फुटलं न्हाईत?"