बोटीवरचा किनवा

बायकोला शुगर निघाली त्या वर्षी मी रेडी बंदरात बार्जीवर कुक होतो. खाणीतला लोखंडाचा माल बार्जीत भरायचा, खोल पाण्यात नांगर टाकून उभ्या राहिलेल्या परदेशी बोटीपर्यंत न्यायचा, बोटीच्या क्रेननी तो उपसून घेतला की रिकामी बार्ज घेऊन परत यायचं. पावसाचे चार महिने सोडले तर बाकी वर्षभर हेच. आठ माणसांचं दोन वेळचं जेवण माझ्या अंगावर. भात, माशाची आमटी, तळलेला बांगडा, सोलकढी. दोन हजार चार किंवा पाच साल असेल.

डॉक्टर वेंगुर्ल्याचे. शांत माणूस. त्यांनी कागद पाहिला आणि बायकोला विचारलं, "भात किती खाता?"

ती भातशेतीवाल्यांची मुलगी. तिला प्रश्नच कळला नाही. ती म्हणाली, "पोट भरेपर्यंत."

"तो आता अर्ध्यावर आणायचा. गोळ्या घ्यायच्या आणि रोज चालायचं."

घरी आल्यावर माझ्या आईनं अर्ध्यावर म्हणजे बंद असा अर्थ घेतला. दोन कोरड्या चपात्या, दुधीची बिनखोबऱ्याची भाजी, पाण्यासारखं वरण. आम्ही सगळे भाताच्या ढिगात बोटं घालून आमटी कालवतोय आणि ती बाजूला बसून चपाती मोडतेय. शेजारणी यायच्या, तिच्या ताटात बघायच्या आणि च्-च् करून जायच्या. पंधराव्या दिवशी तिनं ताट सरकवलं.

"ह्येका जेवण म्हणतत? गोरवाक वैरण घालतत तसा माका घालतास तुमी."

आई म्हणाली, "तुज्याच बऱ्यासाठी आसा."

"मगे माका बरा नको," ती म्हणाली आणि उठून परड्यात गेली. त्या दिवसापासून ती चोरून भात खायला लागली. गार भात, उभ्यानं, फडताळाच्या आड. मी एकदा पाहिलं. तिनं माझ्याकडे पाठ केली आणि खात राहिली. मला तिचा राग आला नाही. आठ खलाशांनी माझ्या हातचं खाऊन बोटं चाटायची आणि माझ्या बायकोनं फडताळाआड उभं राहून गार भात गिळायचा, याची मात्र चीड आली. मी मनाशी ठरवलं, हिला जे खायचं आहे ते चवीचं असेल, आणि ते मी करीन.

पण काय करायचं ते कळत नव्हतं. ते कळलं दोरीला बांधलेल्या बादलीतून.

डिसेंबरात एक मोठी बोट आली होती. आम्ही तिला बार्ज लावून उभे होतो आणि मी तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करत होतो. वास वर गेला असणार. कठड्यावरून एक बुटका, रुंद चेहऱ्याचा माणूस वाकून बघायला लागला. डोक्याला पांढरं फडकं. मी समजलो, हा आपल्याच जातीचा, म्हणजे कुक. त्यानं वरून बादली सोडली. मी तिच्यात एक डबाभर तिखलं ठेवलं. थोड्या वेळानं बादली परत खाली आली. धुतलेला डबा, आणि त्याच्याखाली पाचसहा किलोची एक कापडी पिशवी. आत राजगिऱ्यापेक्षा थोडे मोठे, चपटे, पिवळट दाणे.

तो वरून ओरडला, "किनवा. लाइक रायस." आणि हातानं तोंडात घास घातल्याची खूण केली. मी देश विचारला. पेरू म्हणाला. मला पेरू म्हणजे परसातलं फळ माहीत. आमच्या सारंगानं, म्हणजे बार्जीच्या कप्तानानं, सांगितलं, तसा देशही आहे.

धक्क्यावर कस्टमवाल्यानं पिशवीत हात घातला, दाणे चोळून पाहिले, "राजगिरो?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या घरच्या चुलीसमोर पहिल्यांदा उभा राहिलो. किनवा तांदळासारखा एकदा धुतला आणि शिजत टाकला. पातेल्यावर पांढरा फेस आला तो थांबेना. तरी मी वाढला. बायकोनं एक घास घेतला आणि मान खाली घालून तो कसाबसा गिळला. तिला माझं मन मोडायचं नव्हतं. आईनं बोटावर चार दाणे घेऊन जिभेला लावले.

"साबण शिजवलंस काय रे?"

कडू होता, हे खरं. पण तिला खरी टोचणी दुसरीच होती. ती तिनं त्याच दमात बोलून टाकली. "घोवान चुलीकडे उभ्या रवाचा आणि बायलेन बसान खावचा, ह्या आमच्या घरात कधी झाला नाय. लोक काय म्हणतीत?"

मी म्हटलं, "बार्जीर आठ माणसांका रांधून घालतंय, तेव्हा तुका लाज वाटणा नाय. घरातल्या एका माणसाक घातलंय तर वाटता?"

"ती चाकरी आसा."

"ह्या माजा घर आसा. उद्या परत करतलंय."

बोट अजून भरायची होती. त्या दिवशीच्या फेरीत मी सारंगाची परवानगी काढून शिडीवरून बोटीवर चढलो आणि त्या कुकला शोधून काढलं. मी तोंड वाकडं करून, जीभ बाहेर काढून दाखवली. तो इतका हसला की भिंतीला टेकला. मग त्यानं मूठभर दाणे पाण्यात घातले आणि दोन्ही तळव्यांत चोळायला लागला. पाणी साबणाचं झालं. फेकलं. पुन्हा चोळले. "वॉश, वॉश," तो म्हणत होता. सहाव्या पाण्याला फेस यायचा थांबला. तेव्हा त्यानं एक दाणा माझ्या जिभेवर ठेवला. कडूपणा गेला होता. पुढे त्यानं ते कोरड्या भांड्यात परतले, खमंग वास आल्यावर दाण्यांच्या दुप्पट कढत पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि माझा हात धरून ठेवला, म्हणजे मी झाकण उघडू नये. उघडलं तेव्हा प्रत्येक दाण्याला पांढरं बारीक शेपूट फुटलं होतं. शेपूट दिसलं म्हणजे शिजलं. मी त्याला कोकमाच्या आगळाची बाटली दिली. त्यानं तिचं काय केलं देव जाणे. बोट दोन दिवसांनी गेली.

मग मी झटलो. पहिली चूक अशी की मी त्याच्यावर आमटी ओतली. किनवा आमटी पिऊन बसला, त्याची पेज झाली. म्हणजे पातळ कालवण नको. दुसऱ्या वेळेला तिसऱ्यांचं सुकं केलं. शिंपल्या उकडून, कांदा, ओलं खोबरं, मालवणी मसाला, थोडं कोकम. ते सुकं आणि शिजलेला किनवा कढईत एकत्र हलवला. दाणे मोकळे राहिले आणि प्रत्येक दाण्याला मसाला लागला. बायकोनं पहिला घास घेतला, लगेच दुसरा घेतला. ताट साफ करून तिनं विचारलं, "आसा अजून?"

आजाराचं कळल्यापासून तिनं काही मागून घेतल्याची ती पहिली वेळ.

पुढं माझा हात बसला. सकाळी मोहरी-कढीपत्त्याची फोडणी, वर शेगलाचा, म्हणजे शेवग्याचा, कोवळा पाला आणि किसलेली कैरी. दुपारी काळ्या वाटाण्यांची दाट उसळ. किनवा आणि मूठभर उडीद रात्रभर भिजवून वाटले तर त्याचे घावणे होतात. बिडाच्या तव्यावर कडा कुरकुरीत येतात, तांदळाच्या घावण्याइतके पातळ मात्र होत नाहीत, ते मी कबूल करतो. उन्हाळ्यात काकडी कोचून, आगळाचे चार थेंब आणि भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट घालून गार कोशिंबीर. ती मलाही आवडायची. गोड करायच्या फंदात मी पडलो नाही.

बार्ज धक्क्याला असेल त्या प्रत्येक दिवशी मी चुलीपुढे असायचो. खिडकीतून लोक बघायचे. मी खिडकी लावली नाही. विहिरीवर मला नाव पडलं, रांधपी. बायकोनं ते घरी येऊन सांगितलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी म्हटलं, "बरोबरच आसा ता. बार्जीर मी रांधपीच आसंय." ती हसली. त्यानंतर विहिरीवर कोणी विचारलं, आज काय गो रांधल्यान तुज्या घोवान, तर ती सगळं साहित्यासकट सांगायची. थोड्या दिवसांनी विचारणाऱ्या बायकाच कंटाळल्या.

तीन महिन्यांनी डॉक्टरनी नवा कागद पाहिला. शुगर उतरली होती. मी मोठ्या तोऱ्यात त्यांना किनव्याची पुडी दाखवली. त्यांनी ती हातात घेऊन पाहिली आणि परत दिली.

"हे औषध नाही, लक्षात ठेवा. भात कमी झाला, गोळ्या वेळेवर गेल्या, या रोज चालल्या, त्याचा हा गुण आहे."

माझा तोरा जरा उतरला. मग ते बायकोकडे वळले. "पण कंटाळा न येता खाताय ना?"

"मागून खातंय," ती म्हणाली.

"मग चालू ठेवा."

मे महिन्यात भावकीतलं एक लग्न होतं, कुडाळच्या पुढच्या एका गावात. मी पहाटे उठून बायकोसाठी किनव्याचा डबा भरला. बसमध्ये आई, डबा दुसऱ्याचा असल्यासारखी, लांब सरकून बसली होती.

मांडवात पंगत बसली. पत्रावळीवर भाताची मूद, वरण, काळ्या वाटाण्याचं सांबार, बटाट्याची भाजी, बुंदी. बायकोनं भात वाढू दिला नाही आणि डबा उघडला. तिच्या समोरच्या पुरुषांच्या रांगेत, माझ्यापासून दोन पानं सोडून, माझे चुलत काका बसले होते. भावकीत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी घास थांबवला.

"यजमानाच्या मांडवात घरचो डबो? ह्यो अन्नाचो अपमान झालो."

मी बोलणार एवढ्यात बायकोच बोलली. चारचौघांत ती कधी आवाज काढायची नाही.

"काका, सांबार तुमच्या मांडवातला आसा, भाजी तुमच्या मांडवातली आसा. भात तेवढो माजो आसा. माका हयोच होयो."

काका माझ्याकडे वळले. "बायलेचो कुक झालंस रे?"

"झालंय," मी म्हटलं. "आधी बार्जीरचो होतंय, आता घरचोव आसंय."

दोघेतिघे हसले. ते मला हसले की काकांना, ते कळलं नाही. काका पुढे काही म्हणणार तोच बायकांच्या रांगेतून आईचा आवाज आला.

"भावजी, तुमच्या पानातलो भात निवान जाता. आदी तो जेवा. माज्या सुनेच्या पानात काय आसा, ता बघूक मी आसंय."

काका जेवायला लागले. बायकोनं थोडंच दाट सांबार घेऊन किनवा कालवला आणि मान वर ठेवून शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ला. भीतीनं तिला तहान लागली होती, हे तिनं मला नंतर सांगितलं.

परतीच्या बसमध्ये ती आईला म्हणाली, "आये, तुमी माज्यासाठी बोललात."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुज्यासाठी नाय गो बोललंय. माज्या घरातला बोलूक तेका कोणी सांगल्यान? आणि झील चुलीकडे उभो रवता ता माका अजून आवडणा नाय."

ते तिला शेवटपर्यंत आवडलं नाही. किनव्याचा दाणाही तिनं पुन्हा कधी तोंडात घातला नाही. पण मी धुवायला बसलो की ती येऊन पाण्याकडे बघायची आणि सांगायची, "अजून फेस आसा."

पावसाच्या तोंडावर पिशवी संपली. मूठभर दाणे आम्ही राखून ठेवले होते. भात कापून झाल्यावर विहिरीजवळच्या वाफ्यात, तांबड्या भाजीच्या शेजारी, बायकोनं ते पेरले. उगवले. पानं हुबेहूब घाटावरून येणाऱ्या चाकवतासारखी. लोक कुंपणाशी थांबून विचारायचे, ह्या काय लावलास, आणि ती ठसक्यात सांगायची, "पेरूची भाजी." आम्ही कोवळी पानं खोबरं घालून खाल्ली, चांगली लागली. कणसं धरली, पण फेब्रुवारीचा उकाडा त्यांना मानवला नाही. बहुतेक दाणे पोचट निघाले. एका जेवणापुरते मिळाले. बायको त्या दिवशी खट्टू झाली. मी पुढच्या प्रत्येक बोटीवर विचारत राहिलो. कोणाकडे किनवा मिळाला नाही.

तेव्हा आम्ही वरी आणि नाचणी घेतली. वरीही तशीच परतली, दुप्पट पाण्यात शिजवली, तिसऱ्यांत हलवली. वरी किनव्यापेक्षा लवकर चिकटते आणि भातासारखीच बेतानं खावी लागते, डॉक्टरनी बजावलं होतं. म्हणून तिच्यात मूग आणि पाला जास्त, वरी कमी. नाचणीचे घावणे किनव्याच्या घावण्यांपेक्षा चांगले झाले. बायको आजही गोळ्या घेते, चालते, आणि सणाला मूठभर भात बसून खाते, सगळ्यांसमोर.

पुढे काही वर्षांनी, मी बार्ज सोडली त्या सुमारास, आमच्या वाडीतला, रापण ओढून मासे धरणारा एक रापणकर सकाळचा दारात येऊन उभा राहिला. मला रांधपी म्हणणाऱ्यांत त्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. आत येईना, जाईना. शेवटी म्हणाला, "बायलेक शुगर निघाली. जेवणा नाय ती. तू काय काय करतंस, ता माका शिकय."

मी कढई खाली काढली आणि विचारलं, "तुज्या घरात वरी खंय ठेवतत, ता तरी ठावक आसा?"

"नाय."

"मगे आदी घराक जा आणि ती सोधून हाड."